शेतातल्या दगडांची पहिली भिंत घालताना

भिंत घालायचं ठरवलंत, फार छान! पहिल्या खेपेला मीटरभर उंची पुरे, आणि चुना-सिमेंटशिवाय कोरडीच रचा. चुकलं तर उतरवून पुन्हा लावता येते, आणि दगडाची पारख त्यातूनच येते.

आधी सगळे दगड जमिनीवर पसरा. ढीग करून ठेवलात, तर हाताला येईल तो दगड लावला जातो. सगळ्यांत मोठे पायाला, रुंद चपटे माथ्याला. गुळगुळीत गोटे दर्शनी बाजूला नकोतच, ते घसरतात.

मग एवढं सांभाळा:

- भुसभुशीत माती काढून घट्ट थरावर पाया घ्या.
- प्रत्येक दगड खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर बसवा.
- दगडाची लांबी भिंतीच्या आत जाऊ द्या. नवशिके हमखास इथेच चुकतात: लांब बाजू छान दिसते म्हणून बाहेर ठेवतात, मग भिंतीची दोन्ही तोंडं (दोन बाजूंच्या रांगा) एकमेकांपासून सुटी राहतात आणि भिंतीला पोट येतं. निम्म्या उंचीवर साधारण दर मीटरला एक आरपार दगड घाला.
- रुंदी तळाशी ७० सेंमी, माथ्यावर ४० सेंमी. दोन्ही बाजू आत झुकत्या.

दोन्ही तोंडांमधल्या पोकळीत माती भरू नका, ती पाणी धरते आणि फुगते. प्रत्येक थराबरोबर दगडाच्या चिपा हाताने ठासून बसवा.

दगड घडवणं, कमानी वगैरे सध्या राहू द्या. आणि शेतातला दगड आधी पहारीने उलटवा, मगच हात घाला. खाली विंचू असू शकतो.