इंजिन बंद पडलं तर मागे का वळत नाहीत?

प्रश्न : उड्डाण होताच लहान विमानाचं इंजिन बंद पडलं, तर धावपट्टी मागेच असताना वैमानिक समोरच्या रानात का उतरतात? – एक वाचक, उदगीर

उत्तर : उंची पुरत नाही म्हणून. नुसतं १८० अंश वळून भागत नाही. धावपट्टीच्या रेषेत यायला आणखी वळावं लागतं, शिवाय वारा पाठीवर येतो. ४५ अंश कलून वळताना स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमान उचलून धरू शकत नाहीत तो वेग, सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो. घाबरून नाक वर ओढलं की एक पंख आधी उचल सोडतो आणि विमान गरगरत खाली येतं. ५०० फुटांवर ते सावरायला जागाच नसते.

म्हणून आधी नाक खाली. सेस्ना १७२ हे एका इंजिनाचं लहान विमान असेल तर वेग ६५ नॉटच्या आसपास, म्हणजे ताशी १२० किलोमीटर. मग समोर, डावी-उजवीकडे ३० अंशांत जागा हेरायची. वेळ उरला तरच इंधनाचा कॉक, मिक्स्चर (इंधन-हवेचं प्रमाण), कार्बोरेटर हीट (कार्बोरेटरमधला बर्फ वितळवणारी गरम हवा), मॅग्नेटो (ठिणगी देणारी यंत्रणा) बघायचे.

आपल्याकडे खरी अडचण रानाची. उन्हाळ्यात हरभरा काढलेलं रान चालतं. पावसाळ्यात काळ्या मातीत पुढचं चाक रुततं आणि विमान उलथतं. सऱ्या असतील तर त्यांच्या दिशेनंच उतरायचं, आडवं नाही. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, खांब शोधायचे.

टेकण्याआधी इंधन बंद, दारं किलकिली, कारण चौकट वाकली की ती अडकतात. फ्लॅप (कमी वेगात उतरता यावं म्हणून पंखांच्या मागच्या कडेला असलेल्या झडपा) विजेवर चालतात, म्हणून सगळी वीज तोडणारा मास्टर स्विच शेवटी बंद.