'कस्टमाइझ'ला 'सानुकूलित' म्हणायचं का 'लावून घेणं'?

प्रश्न असा आहे की क्यूटब्राउझर, म्हणजे माउसऐवजी मुख्यतः कीबोर्डवरून चालवायचा वेब ब्राउझर, कसा वापरायचा याची मराठी टिपणं लिहायला घेतलीयत, तर त्यात 'ब्राउझरचे स्वरूप व वर्तन सानुकूलित करणे' असं मथळ्यात लिहिलं तर चालेल का, आणि 'की बाइंड करणे'ला, म्हणजे कीबोर्डवरच्या एखाद्या बटणाला एखादं काम जोडून देण्याला, काय म्हणायचं.

चालायला चालेल, व्याकरणात काही चूक नाही, पण बोलताना कुणाच्या तोंडून हे वाक्य ऐकलंय का? सानुकूल हा शब्द तसा जुनाच आहे, दैव सानुकूल असतं, ग्रह सानुकूल असतात, म्हणजे समोरचं आपल्या बाजूनं असतं आणि आपण नुसतं बसून राहायचं. आता त्याला 'इत' जोडून मेनूत बसवलाय आणि मेहनत मात्र आपल्याकडे आलीय. मेनूत ठीक आहे हो, तिथे एका शब्दापुरतीच जागा असते. पण माणसाला समजावून सांगताना तो शब्द मध्ये येऊन बसतो असं माझं मत.

आधी 'वर्तन' काढा. वाचलं की प्रगतिपुस्तकातला शेरा आठवतो. फोन कालपासून विचित्र वागतोय असं आपण सगळेच म्हणतो, म्हणजे यंत्राला 'वागणं' चालतंय की, मग 'ब्राउझर कसा दिसावा आणि त्यानं कसं वागावं' असा मथळा का नको? दिसण्यात रंग, फॉन्ट, टॅबांची पट्टी वर का डावीकडे हे सगळं आलं, वागण्यात कुठलं अक्षर दाबल्यावर काय होतं ते आलं.

आता क्रियापद. मला 'लावणे' सगळ्यात जवळचं वाटतं. गजर लावतो, चॅनेल लावतो, आणि तंबोरा लावतो तो तर गाणाऱ्याच्या पट्टीलाच लावतो, दुसऱ्याच्या पट्टीत लावलेला आपल्याला उपयोगाचा नाही, कस्टमाइझचा मुद्दा नेमका हाच आहे. त्यात पुढे 'घेणे' जोडलं की आणखी नेमकं होतं. लावून घेतला म्हणजे स्वतःसाठी, लावून दिला म्हणजे दुसऱ्यासाठी. मित्राची कॉन्फिग फाइल, म्हणजे सेटिंग्जची फाइल, जशीच्या तशी उचलली तर ब्राउझर त्यानं लावून दिलेला, आपण लावून घेतलेला नव्हे. हा फरक 'सानुकूलित'मध्ये कुठे सापडत नाही.

पण 'बाइंड'साठी 'कळ लावणे' चुकूनही लिहू नका! कळफलकावरची कळ हा शब्द चांगला आहे, पण कळ लावणारा म्हणजे नारदमुनी, भांडणं लावून देणारा. 'की' ठेवली तर 'की दाबली की' असलं काहीतरी होतं. मी सरळ इंग्रजी अक्षराचं नाव घेतो, 'जे दाबलं की पान खाली सरकतं', आणि बाइंडसाठी 'अमुक अक्षरावर अमुक काम लावणे'. लावलेलं काढता येतंच, म्हणजे अनबाइंडचीही सोय झाली.

उदाहरण घ्या, क्यूटब्राउझरमध्ये 'डी'वर टॅब बंद करणं आधीपासूनच लावलेलं असतं, हात चुकला की टॅब गेला, मग 'यू' दाबून परत आणा. बरेच जण ते 'डीडी'वर नेतात, पण नुसतं 'डीडी'वर लावून भागत नाही कारण पहिल्या 'डी'लाच टॅब बंद होतो, म्हणून आधी 'डी'वरचं काढायचं आणि मग 'डीडी'वर लावायचं. हेच 'सानुकूलित'मध्ये लिहून बघा!

असं लावलेलं सगळं दोन ठिकाणी राहतं. ब्राउझरमध्येच कोलन दाबून सेट आणि बाइंडच्या कमांड दिल्या तर ऑटोकॉन्फिग नावाच्या फाइलमध्ये जातं, ती हातानं बदलायची नसते. दुसरी कॉन्फिग डॉट पीवाय, ही पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत आपण स्वतः लिहायची, २०१७ च्या १.० आवृत्तीपासून आलेली. ही फाइल केली की ऑटोकॉन्फिग आपोआप वाचली जात नाही, तिच्यासाठी एक ओळ वेगळी लिहावी लागते, आणि कालपर्यंत लावलेलं आज कुठे गेलं असं बहुतेक नवीन लोक विचारतात ते याच्यामुळेच, तेव्हा टिपणात हे ठळक लिहा.

मराठी टाइप करणाऱ्यांसाठी अजून एक ओळ टाका. इनस्क्रिप्ट, म्हणजे मराठी टाइप करायचा कीबोर्ड लेआउट, चालू राहिलं तर 'जे'च्या जागी 'र' जातो, 'के'च्या जागी 'क', आणि ब्राउझर ढिम्म. की-मॅपिंग्ज नावाचं सेटिंग आहे त्यात 'र' म्हणजे 'जे' समज असं सांगून ठेवता येतं, रशियन लेआउटवाले लोक हेच करतात.

राहता राहिला 'हिंट'. 'एफ' दाबल्यावर प्रत्येक लिंकवर एकदोन अक्षरं उमटतात, ती टाइप केली की लिंक उघडते. 'सूचना' अजिबात नको, सूचना म्हणजे नोटिफिकेशन झालं. 'खूण' चालेल, लिंकवरची खूण, पण सेटिंगचं नाव शोधताना वाचकाला हिंट हाच शब्द दिसणार आहे, तेव्हा पहिल्यांदा 'हिंट, म्हणजे लिंकवरची खूण' असं लिहून पुढे हिंटच ठेवा. मोडचंही तसंच, नॉर्मल मोड (अक्षर दाबलं की काम होतं), इन्सर्ट मोड (अक्षर दाबलं की ते टाइप होतं), त्याला 'अवस्था' वगैरे करत बसू नका.