व्हर्टस: १.० की १.५?

फोक्सवॅगनची व्हर्टस सेडान घेतोयस, अभिनंदन! आधी इंजिन ठरव, रिमॅप (इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं) आणि एक्झॉस्ट बदलायचं नंतर बघू.

रोज शहरातच फिरणार असशील तर १.० टीएसआय (१ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन) पुरेसं आहे. तीन सिलिंडर, ११५ पीएस ताकद, १७८ एनएम टॉर्क (ओढ). कमी आरपीएमवर थोडं मंद वाटतं, पण सवय होते. ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद द्रवातून हळुवार पोचवणारा गिअरबॉक्स) येतो, ट्रॅफिकमध्ये तो फार सुखाचा.

घाट, हायवे आणि पुढे ताकद वाढवायची इच्छा असेल तर सरळ १.५ घे: चार सिलिंडर, १५० पीएस, २५० एनएम. १.० घेऊन ट्यूनिंगने १.५ गाठू, हा हिशेब नवखे हमखास करतात. पैसेही जातात, वॉरंटीही धोक्यात येते.

आणखी दोन चुका टाळ:
- थंड इंजिनवर जोरात ॲक्सिलरेटर दाबणं
- गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेला ग्रेड सोडून दुसरं इंजिन ऑइल टाकणं

टेस्ट ड्राइव्ह दोन्हींची घे, चढावर जमली तर उत्तमच.