शोधाच्या मधल्या वर्षांबद्दल विचारून घे

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात काम केलेल्या एका निवृत्त शास्त्रज्ञांची मुलाखत घेण्याचे काम महाविद्यालयाच्या वार्षिक अंकासाठी तुझ्याकडे आले आहे, आणि त्यासाठी तू काढलेले प्रश्न मी वाचले. बालपण, प्रेरणास्थान, शोधाचा क्षण, पुरस्कार, तरुणांना संदेश. प्रश्न नीटनेटके आहेत, पण त्यांची उत्तरे माणूस आधीच दहा ठिकाणी देऊन बसलेला असतो. तुला स्वतःला पुढे संशोधनात जायचे आहे, म्हणून सांगतो: शोधाचा दिवस थोडा बाजूला ठेव आणि त्याच्या आगेमागे जी वर्षे गेली त्यांच्याबद्दल त्या शास्त्रज्ञांना विचार.

आपल्याच किनाऱ्यावरचे उदाहरण घे. विजयदुर्गच्या किल्ल्यावर साहेबाच्या दुर्बिणीचे म्हणून चौथरे दाखवतात आणि १८ ऑगस्ट १८६८ रोजी इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी इथूनच हेलियमचा शोध लावला असे सांगतात. त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहण होते हे खरे, पण लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होते. शिवाय ऑगस्टमधले आपल्याकडचे आभाळ ज्याने पाहिले आहे तो ग्रहणासाठी दुर्बीण घेऊन किनाऱ्यावर येईल असे मला वाटत नाही. फ्रान्सचे पिएर जान्सेन गुंटूरला, मद्रास वेधशाळेचे नॉर्मन पॉगसन मछलीपट्टणला आणि लेफ्टनंट जॉन हर्शेल जमखिंडीला वर्णपटदर्शक, म्हणजे प्रकाशातले रंग वेगळे करून दाखवणारे उपकरण, लावून बसले होते. सूर्याच्या कडेवरील ज्वाळांच्या प्रकाशात त्यांना तेजस्वी रेषा दिसल्या आणि ज्वाळा वायूच्या आहेत हे पक्के झाले. त्या रेषा इतक्या तेजस्वी होत्या की त्या ग्रहणाशिवायही दिसायला हव्यात, असे जान्सेन यांच्या मनात आले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी त्या तशा पाहिल्या. लॉकियर यांनी स्वतंत्रपणे हेच २० ऑक्टोबरला इंग्लंडमध्ये केले, आणि दोघांची पत्रे पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी पोचली.

पण या सगळ्यात हेलियम अजून कुठेच नाही. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा वर्णपटात आपापल्या ठराविक जागी येतात. त्या रेषांमध्ये एक पिवळी रेषा होती आणि ती पाहणाऱ्या बहुतेकांनी ती सोडियमची धरली, कारण सोडियमच्या दोन रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर असतात आणि ही ५८७.६ वर, म्हणजे अगदी शेजारी. ती तिथे बसत नाही हे लॉकियर यांनी मोजून दाखवले. मग एडवर्ड फ्रँकलंड या रसायनशास्त्रज्ञाबरोबर त्यांनी ती हायड्रोजनची तर नव्हे ना, हे प्रयोगशाळेत दाब बदलून पाहिले, पण ती मिळाली नाही. मग ती रेषा एखाद्या नव्या मूलद्रव्याची, म्हणजेच हेलियमची, असावी ही गोष्ट अनेकांना पटत नव्हती, आणि न पटण्यात काही गैरही नव्हते, कारण हातात घेऊन दाखवता येईल असे काहीच नव्हते. १८९५ मध्ये विल्यम रॅम्झी यांनी अरगॉनच्या शोधात क्लेव्हाइट नावाचे युरेनियमचे खनिज आम्लात तापवले, निघालेला वायू तपासला, आणि तीच पिवळी रेषा समोर आली. मधली २७ वर्षे लॉकियर काय करत होते, हा प्रश्न मला शोधाच्या दिवसापेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो. ते आधी युद्धखात्यात कारकून होते, १८६९ मध्ये त्यांनी एक विज्ञान नियतकालिक सुरू केले, आणि सूर्याचा वर्णपट त्यांनी सोडला नाही.

विजयदुर्गला लॉकियर आले ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी, हेलियम पृथ्वीवर सापडल्यानंतर. आभाळ स्वच्छ होते. मेल्पोमिनी या युद्धनौकेवरच्या खलाशांना उपकरणांवर उभे करून त्यांच्याकडून आधी तालमी करून घेतल्या होत्या, कारण खग्रास अवस्था मिनिटांत संपते आणि तेवढ्यात प्रत्येक हाताने आपले काम चोख करायचे असते. खरे पाहता ही हकिकत आपल्या दंतकथेहून सरस आहे, पण ती सांगताना मी कोणाला ऐकले नाही. त्या खलाशांची नावे चौथऱ्यांजवळ कोणाच्या तोंडी नसतात, तशीच तुझ्या मुलाखतीतही काही माणसे निसटतील. त्यांची चौकशी कर.

आता वेंगुर्ल्याकडे वळू. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून तिथे तयार झालेला रत्ना आंबा १९८१ मध्ये प्रसारित झाला आणि त्यात हापूसचा गर आतून बिघडवणारा साका हा दोष होत नाही, एवढे तुला माहीत असेलच. बाहेरून निर्दोष दिसणारा हापूस कापल्यावर आत पांढुरका, आंबट, स्पंजासारखा निघतो तेव्हा बागायतदाराचा चेहरा कसा होतो, तेही तू घरी पाहिलेले आहेस. मोहोरातले एक एक फूल उमलण्याआधी त्यातले पुंकेसर चिमट्याने काढायचे, दुसऱ्या जातीचा पराग लावायचा, मोहोर पिशवीत बांधायचा, आणि एवढे करूनही फळ क्वचितच धरते. धरलेल्या फळाची कोय रुजवली तर ते झाड आंबा देईपर्यंत पुन्हा काही वर्षे जातात, आणि तो आंबा बेचव निघू शकतो. म्हणून शास्त्रज्ञांना विचार की किती झाडे तोडून टाकावी लागली आणि तोडायचे कोणत्या खुणेवर ठरवले, झाडावर चढून पिशव्या कोणी बांधल्या, आणि नोंदवह्या आज कोणाकडे आहेत. नोंदवही दाखवली तर एक पान नीट वाच. खाडाखोड असलेले पान मिळाले तर अधिक चांगले.

काही गोष्टी ते आपणहून सांगणार नाहीत. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी यांना १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत केवळ स्त्री म्हणून चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी आधी नाकारले आणि मग वर्षभराच्या अटीवर घेतले. याबद्दल त्या उघडपणे बोलल्या त्या अनेक दशकांनंतर. नीरेवरचे त्यांचे काम आपल्याकडच्या ताडामाडांच्या मुलखाला जवळचे, तरी त्यांचे नाव इथल्या मुलांना क्वचितच ठाऊक असते. असे दुखरे काही निघाले तर टोकरू नकोस, आणि छापण्यापूर्वी त्यांना विचार.

मे महिन्यात जाऊ नकोस, तेव्हा सगळ्यांना आंब्याची घाई असते. मोहोराच्या दिवसांत जा, म्हणजे जे ऐकशील ते झाडावर दाखवून घेता येईल. परत आल्यावर मसुदा आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे पाठव. इसवी सन आणि जातींची नावे मी तपासून देईन, भाषा तुझी तूच राख.

तुझ्या आईवडिलांना नमस्कार.