मखराची कमान : जिगसॉ रेघेवर चालतो, तरी खालची कडा तिरकी का येते?

फोंड्याच्या सदस्याचा प्रश्न थोडक्यात असा: चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) मखरासाठी जिगसॉने, म्हणजे वर-खाली चालणाऱ्या पात्याच्या विजेच्या करवतीने, १८ मिमी प्लायमधून एक फूट त्रिज्येची कमान कापली. वरून पातं रेघेवरच चाललं, पण शीट उलटून पाहिलं तर खालचा वळसा तीन-चार मिमी आत सरकलेला. कडेने सालटीही उडाली. पातं वळणासाठी मिळतं ते अरुंद, नवं कोरं. पेंडुलम, म्हणजे पात्याला पुढे-मागे झोका देणारी सोय, २ वर.

नवं मशिन घ्यायला धावू नका. जिगसॉचं पातं वरच्या टोकालाच काय ते घट्ट धरलेलं असतं. मागून रोलरचा टेकू असतो, पण तोही शीटच्या वर. खालचं टोक मोकळंच. वळताना हाताने कडेचा जोर दिला की वरचं पातं रेघेबरोबर वळतं, खालचं मागे रेंगाळतं. पातं लाकडाच्या आत वाकतं आणि वरून काही कळत नाही. प्लाय जाड, पातं अरुंद आणि हाताला घाई, हे तिन्ही जमले की तुमच्यासारखी कमान होते.

म्हणून एवढ्या मोठ्या वळणाला अरुंद पातं लावूच नका. ‘वळणाचं पातं’ असं पाकिटावर लिहिलं म्हणजे प्रत्येक वळणाला तेच हवं असं नाही. एक फूट त्रिज्येतून टी १०१ बी (हा पात्याचा नंबर) सारखं सरळ कापाचं रुंद पातं आरामात जातं, आणि ते कमी वाकतं. टी ११९ बीओ किंवा टी १०१ एओ ही अरुंद पाती मोराची मान, कमळाच्या पाकळ्या असल्या आवळ वळणांसाठी ठेवा. तिथेही प्लाय शक्यतो १२ मिमीचा घ्या. मखराला भार तो कितीसा असतो!

पेंडुलम शून्यावर आणा. पेंडुलममुळे पातं वर येताना पुढेही झेपावतं. सरळ फाडायला ते बरं, वळणात नको. मोटर जोरात, हात सावकाश. आवाज दबला की समजा तुम्ही ढकलताय. बूट, म्हणजे मशिनची खालची सपाट पट्टी, शीटला चिकटून राहू द्या आणि मशिनची शेपटी फिरवा. दाते नेहमी रेघेच्या पुढच्या टोकाकडे बघत असले पाहिजेत. तोंड धरून कडेला रेटलं की पातं वाकलंच.

त्याआधी पातं बुटाला काटकोनात आहे का ते बघा. प्लग काढून गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावा. त्याहून खात्रीची परीक्षा अशी: जाड तुकड्याच्या कडेतून इंचभर सरळ काप घ्या, मशिन बंद करा, मग मशिन उलट्या दिशेला फिरवून पात्याची पाठ त्याच कापात घालून बघा. सहज बसलं तर काटकोन बरोबर. तिरकं असेल तर चूक दुप्पट होऊन समोर येते आणि पातं अडतं. बुटाचा स्क्रू कामाच्या थरथराटाने सैल होतो, म्हणून ही परीक्षा अधूनमधून करत राहा.

सालट्यांचं कारण वेगळं. साध्या पात्याचे दाते वरच्या दिशेने असतात, त्यामुळे ते वर येताना वरचा थर उचकटतात. म्हणून चांगली बाजू खाली ठेवा आणि रेघ मागच्या बाजूला मारा. कमान दोन्हीकडून सारखी, तिला फरक पडत नाही. पण मोर असेल तर तो उलट्या दिशेला बघायला लागेल, साचा आधीच पलटून घ्या. रेघेवर मास्किंग टेप लावली तर आणखी बरं. सनमायका लावलेली बाजू वर ठेवणं भागच असेल, तर टी १०१ बीआर हे उलट्या दात्यांचं पातं मिळतं. ते मशिनला वर उचलू पाहतं, तेव्हा बूट नीट दाबून धरा.

आवळ कोपऱ्यात शिरण्याआधी टाकाऊ भागातून रेघेपर्यंत आडवे काप घ्या. तुकडे गळून पडतात आणि पात्याला वळायला जागा होते. आतली जाळी कापायची तर १० मिमीचं भोक पाडून तिथून सुरुवात करा. कापताना रेघेबाहेर मिलिमीटरभर लाकूड राहू द्या, ते कानशीने आणि पॉलिश पेपरने उतरवा.

दोन कमानी हुबेहूब हव्या असतील तर दोन शीटं एकावर एक ठेवून कापू नका. ३६ मिमी जाडीत पातं हमखास भरकटतं. ६ मिमी एमडीएफचा (दाबलेल्या लाकडी भुश्याच्या शीटचा) एक साचा घासून गुळगुळीत करा, तो प्लायवर ठोका, जिगसॉने जरा बाहेरून कापा आणि ट्रिमरला (कडा तासणाऱ्या छोट्या मशिनला) बेअरिंगचं बिट लावून फिरवा; बेअरिंग साच्याला टेकून चालतं. शिग्म्याच्या (गोव्याच्या होळीच्या) चित्ररथासाठी एकाच आकाराचे ढीगभर तुकडे लागतात, तिथे दुसरा मार्ग परवडत नाही. एमडीएफची धूळ मात्र वाईट, मास्क लावाच.

रेघ मारायला सुतळी नको, ती ताणली जाते. एका पट्टीत खिळा आणि पेन्सिलीचं भोक, एवढं पुरे.

शीटखाली वळणाच्या दोन्ही बाजूंना आधार द्या. सुटणारा तुकडा लोंबला की शेवटचा दोन इंच काप फाटतो. पण तो तुकडा धरताना हात रेघेखाली नेऊ नका, पातं खाली बाहेर आलेलं असतं.

आपल्याकडे चवथ पावसाळ्यातच येते. भिंतीला टेकवून ठेवलेला प्लाय तोवर बाकलेला असतो आणि त्यावर बूट डुलतो. आडवा करून, वर वजन ठेवून सरळ करून घ्या. कापलेल्या कडा उघड्या ठेवल्या तर दमट हवेत ओल पितात, म्हणून घासून झालं की त्याच दिवशी प्राइमरचा हात मारा. आणि मशिन ओल्या अंगणात चालवणार असाल तर एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर टाकू नका, ईएलसीबी (वीज गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) असलेल्या लाइनवरच लावा.

टी १०१ बी ने एक काप घेऊन खालच्या बाजूचा फोटो टाका. तरीही फरक दिसला तर रोलर झिजलाय का ते बघावं लागेल.