तुम्ही परत जाणार, पण ती कुठे जाणार?

*ताई, मी मूळचा चिपळूणचा, वय ३७. शिक्षण संपल्यापासून पुण्यात, आयटीत आहे. बायको फिजिओथेरपिस्ट, एका रुग्णालयात नोकरी करते. मुलगी सात वर्षांची, दुसरीत आहे. मुलगा अडीच वर्षांचा. वाकडला कर्ज काढून घेतलेला टू-बीएचके आहे.*

*गेल्या दिवाळीत बाबांची अँजिओप्लास्टी झाली. वय ७२, तरी बाजारपेठेतल्या आमच्या हार्डवेअरच्या दुकानात रोज बसतात. आईचे गुडघे गेलेत. दोघं तोंडाने काही म्हणत नाहीत, पण मला कळतं. आठवड्यातले तीन दिवस मी घरूनच काम करतो. पूर्णवेळ तसं करण्याबद्दल मॅनेजर 'बघू' म्हणालाय. उरलेले दोन दिवस हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये जातात. इथे मुलांना ना अंगण, ना आजी-आजोबा. म्हणून या जूनमध्ये कायमचं चिपळूणला जायचं मी ठरवलंय. घर मोठं आहे, वेळ आली तर दुकान आहेच, हिलाही तिथे काम मिळेल. पण ही ऐकत नाही. म्हणते, 'तू जाऊन राहत जा, आम्ही सुट्टीत येऊ.' तिची स्वतःची आई नाशिकला एकटी असते, म्हणजे घरच्या माणसांची किंमत तिला कळायला हवी. फ्लॅटला गिऱ्हाईक आलंय, महिनाअखेर उत्तर द्यायचंय. तिला कसं समजावू?*

*— घाटावरचा कोकणी*

घाटावरचे कोकणी,

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. तिला कसं समजवायचं ते मी सांगणार नाही, कारण समजवण्याजोगं तुमच्याकडे अजून काही तयारच नाही. मॅनेजर 'बघू' म्हणालाय, आईवडील काही बोललेले नाहीत, बायको नको म्हणतेय. तुमचं 'मी ठरवलंय' तेवढं पक्कं आहे आणि त्याच्या जोरावर फ्लॅट विकायला निघालाय. गिऱ्हाईक काही वाट चुकून दारात येत नाही, कुणीतरी एजंटला फोन केलेला असतो. तो तिला विचारून केला होता का, हे पत्रात नाही.

आता नाशिक. सासूबाई एकट्या असतात, हे तुम्ही बायकोच्या विरोधातला मुद्दा म्हणून लिहिलंत. मला तर तिच्या नकाराचं निम्मं कारण तिथेच दिसलं. वाकडहून नाशिक दोनशे किलोमीटरच्या थोडं वर. सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला आईकडे पोचता येतं. चिपळूणहून हेच अंतर जवळपास दुप्पट होतं. वर एकतर मुंबई-गोवा महामार्ग आणि पुढे मुंबई ओलांडा, नाहीतर कुंभार्ली घाट चढून कराड, पुणे आणि तिथून पुन्हा तोच नाशिक रस्ता. तुमची आई जितकी जवळ येते, तितकी तिची आई लांब जाते. हा हिशेब तिने कधीच केलेला असणार. तुम्ही केलाच नाहीत, आणि वर तिलाच माणसांची किंमत शिकवायला निघालात.

तुम्ही तुमच्या घरी परत जाणार आहात. ती लग्नानंतर दुसऱ्यांदा परक्या गावात जाणार आहे. तिथे तुम्हाला रिक्षावाला शाळेतल्या टोपणनावाने हाक मारेल, आणि तिला सगळे अमक्यांची सून म्हणून ओळखतील. या फरकाबद्दल एवढ्या लांब पत्रात एक ओळ नाही.

'हिलाही तिथे काम मिळेल.' मिळेल, मलाही शंका नाही. गुडघे, कंबर, पक्षाघातानंतरचे व्यायाम यांचे रुग्ण चिपळुणात काही कमी नाहीत, आणि सावर्ड्याजवळ डेरवणला मोठं रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण हे वाक्य तिने म्हणायचं असतं. तिने फोन करून चौकशी करायची, पगार किती हे विचारायचं, स्वतःचा दवाखाना काढायचा तर गाळ्याचं भाडं आणि पहिलं वर्षभर हात आखडता ठेवण्याची तयारी, हे तिने मोजायचं. तुम्ही परस्पर 'मिळेल' म्हणालात की तिच्या आजवरच्या नोकरीची किंमत तेवढीच ठरते.

शिवाय तिचे पहिले दोन रुग्ण आधीच ठरलेले आहेत. सासूबाईंचे गुडघे आणि सासरेबुवा. तुम्ही माडीवरच्या खोलीत दार लावून कॉलवर बसणार. मग बाबांना तपासणीला कोण नेणार, गोळ्या कुणी भरून ठेवायच्या, आईला व्यायाम कोण करून घेणार, याची चर्चासुद्धा होणार नाही. ते आपोआप होईल, रोज, बिनबोभाट, बिनपगारी. तिला हे दिसतंय. बोलली तर सासू-सासऱ्यांचं करायला नको म्हणते असं होईल, म्हणून ती 'सुट्टीत येऊ' एवढंच म्हणते. बायकांच्या नकाराचं खरं कारण पुष्कळदा दुसऱ्या वाक्यात असतं, आणि नवरे पहिल्याच वाक्यावर चिडतात.

तरी तुमची ओढ खोटी आहे असं मी म्हणत नाही. गावात मुलं मागे पडतात हे तर मला साफ नामंजूर आहे. चिपळुणात मुलीला रिक्षाने थोडक्यात पोचण्यासारखी शाळा मिळेल, १८६४ सालचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर मिळेल, डेरवणला खेळाचं मोठं संकुल आहे, आणि मुंबईकडची गाडी गावातूनच जाते. संध्याकाळी आजोबांच्या गल्ल्याशेजारी बसून खिळे मोजणाऱ्या मुलीचं गणित काही कच्चं राहत नाही. सीबीएसईतून राज्य मंडळाच्या शाळेत जायचं तरी दुसरी-तिसरीत काही अवघड नसतं. पाचवीपर्यंत मुलं पटकन रुळतात. आठवीनंतर मात्र मैत्रिणी, विषय, क्लास सगळंच घट्ट झालेलं असतं, तेव्हा हलवू नये. म्हणजे मुलीच्या बाजूने बघितलं तर तुमच्या हातात तीन-चार वर्षं आहेत. या जूनलाच जायला हवं असं मुलांच्या बाबतीत काहीच नाही.

मग घाई कसली आहे?

बाबांची. दिवाळीत तो फोन आला, घाट उतरेपर्यंत काय होईल ठाऊक नव्हतं, आणि तेव्हापासून तुम्हाला शांत झोप नाही. पत्रात अंगण, ट्रॅफिक, आजी-आजोबा सगळं आलंय, पण खरी भीती एकच आहे की पुढच्या वेळी आपण वेळेवर पोचणार नाही. या भीतीला मी नावं ठेवणार नाही. फक्त तिच्यावर फ्लॅट विकणं, मुलीची शाळा बदलणं आणि बायकोने नोकरी सोडणं हे उपाय नाहीत. ते वेगळे निर्णय आहेत, सावकाश घ्यायचे. बाबांचं दुखणं मात्र आजचं आहे आणि त्यासाठी जूनपर्यंत थांबायची गरज नाही.

तिने म्हटलेलं 'तू जाऊन राहत जा' पुन्हा वाचा. तुम्हाला तो नकार वाटला, मला त्यात तोडगा दिसतो. तीन दिवस घरून काम आहे ना? मग शनिवार-रविवार जोडून महिन्यातून एकदा सलग पाच दिवस चिपळूण. लॅपटॉप उघडायला वाकडच हवं असं नाही, फक्त कंपनीच्या कानावर घाला. या महिन्यापासून जा. पहिल्या खेपेत बाबांच्या डॉक्टरांना भेटा आणि विचारा की रात्री दोनला छातीत दुखलं तर कुठे न्यायचं, जवळ अँजिओप्लास्टीची सोय कुठे आहे, तोवर घरी काय द्यायचं. तो कागद फ्रिजवर लावा, शेजाऱ्यांकडे एक प्रत द्या, रुग्णवाहिकेचा १०८ आईच्या मोबाइलमध्ये भरून द्या. रात्री बोलावलं तर गाडी काढेल असा एक माणूस गाठून ठेवा. चिपळुणात असा माणूस सापडतो, आणि कायमचं तिकडे गेल्याच्या दुसऱ्या दिवशीही तुम्हाला तो लागणारच आहे. आईला दिवसाला चार तास एक बाई ठेवा. आई नको म्हणेल, तरी ठेवा.

आणि तुम्ही पाच दिवस तिकडे असाल तेव्हा वाकडला दोन मुलं आणि नोकरी ती एकटीने ओढणार आहे. त्याची परतफेड म्हणून तितकेच दिवस तिला नाशिकला मोकळे द्या, मुलं तुमच्याकडे ठेवून. ही अट मी घालतेय, ती बहुधा घालणार नाही.

तिकडे असताना आईबाबांना सरळ विचारा. 'मला कळतं' यावर विसंबू नका. 'आम्ही चौघं इथे कायमचे राहायला आलो तर तुम्हाला काय वाटेल?' असं एकेकट्याला विचारा, कारण एकमेकांसमोर दोघंही 'बरंच होईल की' म्हणतील. कदाचित आईचे डोळे भरून येतील. कदाचित बाबा म्हणतील, लागलेली नोकरी धोक्यात घालून इथे कशाला? हेही ध्यानात घ्या की गणपतीतले पाच दिवस नातवंडं घरात असणं वेगळं आणि बाराही महिने दुपारच्या झोपेत अडीच वर्षांचा मुलगा अंगावर नाचणं वेगळं. म्हातारपणी माणसांची आपापली घड्याळं ठरलेली असतात.

दुकानाचंही याच बैठकीत काढा. 'वेळ आली तर दुकान आहेच' असं तुम्ही लिहिलंत. तुमची बाजारपेठ २६ जुलै २००५ ला बुडाली आणि २२ जुलै २०२१ ला पुन्हा बुडाली, हे चिपळूणच्या माणसाला मी पुण्यात बसून सांगायला नको. त्या दुसऱ्या वेळी तुम्ही चिखल उपसायला गेला असणार. हार्डवेअरचा माल भिजला की त्याचं काय होतं ते बाबांना विचारा. पाऊस, भरती, नदीतला गाळ, कोळकेवाडी धरणाकडून येणारं कोयनेचं पाणी, यातलं दोषी कोण यावर वाद अजून चालू आहेत, आणि वाशिष्ठी नदीतला गाळ निघावा म्हणून गावाला साखळी उपोषणाला बसावं लागलं होतं. अशा ठिकाणचं दुकान तुमच्या नोकरीचा आधार होऊ शकतं का? मालाचा विमा आहे का, त्यात पूर धरलाय का, जागा निळ्या पूररेषेत येते की लाल, उधारी किती थकलीय, हे कधी बघितलंय? ७२ वर्षांच्या माणसाला कदाचित दुकान तुमच्याकडे सोपवायचं नसेल, बंद करायचं असेल, आणि मुलाला वाईट वाटेल म्हणून तो गप्प बसला असेल.

कोकणातल्या माणसाची एक खोड मला ठाऊक आहे. परत येण्याचे बेत तो मे महिन्यात आंबे खाताना किंवा गणपतीत आरती करताना आखतो. तेव्हा घर भरलेलं असतं, भाऊबंद आलेले असतात आणि रजा भरपगारी असते. तुमच्या पाच दिवसांच्या खेपांपैकी एक जुलैत ठेवा, आणि तीही जमली तर दोन आठवड्यांची. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस घेणारं गाव जुलैत बघा. वीज जाते तेव्हा तुमचा कॉल टिकतो का, नदीचं पाणी वाढल्याचा मेसेज आला की रात्री कुणाला झोप लागते, कपडे न वाळलेल्या घरात दोन लहान मुलांचं कसं होतं, हे सगळं कळेल. इतकं बघूनही जावंसं वाटलं तर तुमच्या ओढीवर माझा विश्वास बसेल, आणि कदाचित बायकोचाही.

नोकरीबद्दल थोडक्यात. 'बघू' हे उत्तर नाही. २०२३ नंतर बऱ्याच मोठ्या आयटी कंपन्यांनी लोकांना परत ऑफिसात बोलावलं, तेव्हा तोंडी सवलतींचं काय झालं ते तुमच्याच मित्रांना विचारा. कामाचं ठिकाण चिपळूण, असं एचआरकडून लेखी मिळेल का ते बघा. पगार आणि बढतीवर काय परिणाम होईल तेही त्याच मेलमध्ये विचारा.

हे सगळं जुळून आलं आणि बायको स्वतःहून 'बघू या जाऊन' म्हणाली, तर पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या वर्षी जा. पण एका गोष्टीवर मी अडून बसेन, बाबांच्या घरात राहायला जाऊ नका. घर मोठं आहे हे खरं, स्वयंपाकघर एकच आहे. चालत पाच मिनिटांवर भाड्याने जागा घ्या, नदीपासून उंचावरची. आईला सुरुवातीला वाईट वाटेल, चार लोक बोलतील. पण संध्याकाळी नातवंडं आजीकडे आणि रात्री जो तो आपापल्या घरी, यात दोन्ही बायका एकमेकींशी नीट बोलत राहतात, असं मी पुष्कळ घरांत पाहिलंय. पहिली दोन वर्षं वाकडचा फ्लॅट भाड्याने द्या. भाड्यात हप्ता पुरा होणार नाही, वरचे पैसे घालावे लागतील. ते तिला परतीचा रस्ता उघडा ठेवण्याचे पैसे आहेत, आणि तो उघडा आहे हे माहीत असेल तरच ती मोकळ्या मनाने येऊन बघेल.

आज संध्याकाळी तिच्याशी बोलाल तेव्हा चिपळूणपासून सुरुवात करू नका. 'दिवाळीपासून मला बाबांची भीती वाटतेय' एवढंच सांगा. हे तुम्ही तिला अजून सांगितलेलं नाही असा माझा अंदाज आहे. मग नाशिकचं विचारा, आणि ती बोलेल तेव्हा मध्ये उपाय सुचवू नका.

फ्लॅटच्या गिऱ्हाईकाला महिनाअखेरची वाट न बघता नाही कळवा. टोकन घेतलं असेल तर परत करा. एजंट म्हणेल असा भाव पुन्हा मिळणार नाही. ते तो प्रत्येकाला म्हणतो.