धंद्यात उद्याचा भरवसा नसेल तर टिकायचं कसं?

नोकरी सोडून धंदा करायचाय, पण 'महिन्याला हातात किती येतील तेच कळणार नाही' ही तुमची भीती खरी आहे. ती जात नाही, सवय होते. सोलापुरात अक्कलकोट रोडला माझे टॉवेलचे सहा माग आहेत, तेवढ्या अनुभवावर सांगतो.

आमच्याकडे सगळ्यात जास्त हलतो तो सुताचा भाव. सुरुवातीला मी एका व्यापाऱ्याला तीन महिन्यांचा दर बांधून दिला आणि दोन आठवड्यांत सूत चढलं. शब्द दिला होता, माल पोचवला; डझनामागे पदरचे पैसे गेले. तेव्हापासून कोटेशनवर 'दर सात दिवसांपुरता' असं लिहितो, आणि ऑर्डर पक्की झाली की त्याच दिवशी तेवढं सूत उचलतो. भाव उतरेल म्हणून थांबणं हा सट्टा झाला.

दुसरं उधारी. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, करा; फुकट आहे. ती असली की २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्यानं सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे गिऱ्हाइकाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. (कायदा तोंडावर फेकला की गिऱ्हाईक तुटतं, हेही तितकंच खरं. मी बिलावर फक्त उद्यम क्रमांक छापतो. समजणाऱ्याला समजतं.)

आणि तीन महिन्यांची मजुरी, लाइटबिल वेगळ्या खात्यात ठेवा. त्याचं एटीएम कार्ड मी बायकोकडे दिलंय, माझाच हात शिवशिवतो.